शरदातले संशयित

शिकागो शहरातले शरद ऋतूतील पक्षीनिरीक्षण मुख्यतः दोन ठिकाणी चालते : मिशिगन सरोवराच्या काठावर आणि दफनभूमीत. दोन्ही ठिकाणे माँट्रोझ ॲव्हेन्यू या एकाच रस्त्याने जोडलेली आहेत. रस्त्याच्या पूर्व टोकाला सरोवरात घुसलेले माँट्रोझ पॉइंट आहे आणि त्याच रस्त्याला लागून, दोन-अडीच किलोमीटर पश्चिमेला, ग्रेसलँड दफनभूमीची उत्तरेकडची भिंत आहे. मधल्या पट्ट्यात जिवंत माणसे राहतात. पक्षी आणि पक्षीनिरीक्षक हे दोन्ही वर्ग तो पट्टा शक्य तितक्या लवकर ओलांडतात.

हा हंगाम ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होऊन नोव्हेंबरात संपतो. कॅनडातील अरण्यांत उन्हाळ्यात जन्मलेली पिल्ले आणि त्यांचे आईबाप दक्षिणेकडे निघतात. बहुतेक लहान पक्षी रात्री उडतात. रात्री हवा थंड आणि तुलनेने शांत असते, ससाणे झोपलेले असतात आणि दिशा ठरवायला तारे असतात. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्रही मदतीला असते. एवढी साधने हाताशी असूनही पहाटे अनेक पक्षी भलत्याच ठिकाणी निघतात, कारण मिशिगन सरोवर दक्षिणोत्तर सुमारे ४९० किलोमीटर लांब आहे, रुंदीला काही ठिकाणी १९० किलोमीटर आहे, आणि रात्री वरून पाहणाऱ्याला त्यात उतरायची सोय कोठेही नाही. उजाडताच खाली पाणीच पाणी दिसते. थकलेला पक्षी वळून किनारा गाठतो आणि पहिले झुडूप दिसेल त्यात शिरतो. किनाऱ्यावर तर काचेचे आणि पोलादाचे शहर उभे. झुडुपे अशा शहरात विकत न जाणाऱ्या जागेवरच उरतात. शिकागोत अशा जागा दोन प्रकारच्या आहेत : सार्वजनिक बागेच्या आणि मृतांच्या मालकीच्या.

यांपैकी माँट्रोझ पॉइंट ही जागा मुळात नव्हतीच. सरोवरात भराव टाकून ती विसाव्या शतकात तयार करण्यात आली. शीतयुद्धाच्या काळात, १९५० च्या दशकात, तेथे नाइकी क्षेपणास्त्रांच्या तळाचा एक भाग होता. सैनिकांच्या बराकी लोकांच्या नजरेआड राहाव्यात म्हणून लष्कराने हनिसकलच्या झुडपांची एक रांग लावली. उत्तरेकडून सोव्हिएत बॉम्बफेकी विमाने येतील असा अंदाज होता. विमाने आली नाहीत. उत्तरेकडून वॉर्बलर हे इवले गाणारे पक्षी आले. पुढे लष्कर गेले, बराकी गेल्या, क्षेपणास्त्रे गेली आणि झुडपांची रांग राहिली. तिला आता ‘मॅजिक हेज’, म्हणजे जादूचे कुंपण, म्हणतात. माँट्रोझवर आजवर तीनशेहून अधिक जातींची नोंद झाली आहे. अमेरिकेच्या संरक्षण खर्चातून निघालेल्या टिकाऊ वस्तूंमध्ये या कुंपणाचा क्रमांक बराच वर लागावा. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते हनिसकल परदेशी आहे, आक्रमक आहे आणि उपटून टाकावे अशा योग्यतेचे आहे. हे मत पक्ष्यांपर्यंत अजून पोचलेले नाही.

पक्षीनिरीक्षणाची सुरुवात आदल्या रात्री घरात होते. वायव्येकडून थंड हवेची लाट आली की पक्ष्यांना मागून वारा मिळतो आणि ते लाखोंच्या संख्येने निघतात. हवामानखात्याच्या रडारवर हे थवे पावसासारखे उमटतात. ही रडारचित्रे वाचून पक्ष्यांचा अंदाज देणारी ‘बर्डकास्ट’ नावाची सेवा कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी-प्रयोगशाळा चालवते. त्यामुळे सप्टेंबरातील थंड रात्री शहरातील काही घरांत अकरा वाजता एक माणूस मोबाइलवरचा हिरवा-निळा डाग मोठा होत जाताना बघत बसलेला असतो. जी जागा रडार लावून शत्रूची वाट पाहण्यासाठी वापरली गेली, तिच्यासाठी आजही रात्रभर रडार पाहिले जाते. पाहणाऱ्याला पगार मिळत नाही, एवढाच प्रशासकीय बदल झाला आहे.

वारा दक्षिणेचा असेल तर पक्षी उत्तरेतच थांबतात आणि कुंपणात काही नसते. अशा दिवशीही निरीक्षक जातात. ‘काल होते’ हे माँट्रोझवर सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारे वाक्य आहे. त्याखालोखाल ‘आत्ताच उडाला’ याचा क्रमांक लागतो.

हंगामाचे वेळापत्रक ठरलेले आहे. सप्टेंबर वॉर्बलरांचा. ऑक्टोबर सुरू झाला की पांढऱ्या गळ्याच्या चिमण्या, हर्मिट थ्रश, ब्राऊन क्रीपर आणि पाच-सहा ग्रॅम वजनाचे किंगलेट येतात. महिन्याच्या शेवटी जुंको आणि बदके. नोव्हेंबरात कुरव, आणि नशीब असेल तर हिमघुबड. या क्रमात पक्ष्यांचा आकार एकंदरीत वाढत जातो, संख्या कमी होत जाते आणि ओळख पटणे सोपे होत जाते. हंगामाची सगळी बदनामी त्यामुळे सप्टेंबरच्या वाट्याला येते.

बदनामीचे कारण पिसांत आहे. मे महिन्यात हेच वॉर्बलर उत्तरेकडे जाताना नारिंगी, निळे, काळे-पिवळे असतात आणि नर गात असतात. वीण आटोपल्यावर ते पिसे बदलतात. अनेक जातींचे नर तेव्हा मादीसारखे दिसू लागतात, मादी पिल्लांसारखी आणि पिल्ले एकमेकांसारखी. शालू आणि भरजरी फेट्यांत पाहिलेले वऱ्हाड लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जुन्या सुती कपड्यांत अंगणात दात घासताना दिसावे, तशी ही स्थिती असते. माणसे तीच असतात, पण कोण व्याही आणि कोण आचारी हे खात्रीने सांगता येत नाही. शिवाय त्या वर्षीची पिल्ले मिळवून संख्या वसंतापेक्षा बरीच जास्त, रंग सगळ्यांचा शेवाळी-पिवळट, आणि गाणे बंद. तोंडातून निघतो तो फक्त ‘चिप्’ असा एक आवाज. तज्ज्ञ लोक या चिप्‌मधला फरक ओळखतात. इतर लोक तज्ज्ञांचा चेहरा ओळखतात आणि त्यानुसार माना डोलावतात.

रॉजर टोरी पीटरसन या चित्रकार-निसर्गतज्ज्ञाने १९३४ साली पक्षी ओळखण्याचे खिशात मावणारे पुस्तक काढले. पहिल्या दोन हजार प्रती आठवडाभरात संपल्या. नेमकी खूण बाणाने दाखवायची, ही त्याची पद्धत. त्याआधी बराच काळ पक्ष्याची ओळख पटवण्यासाठी त्याला गोळी घालण्याचा प्रघात होता, म्हणून या पुस्तकाने माणसांपेक्षा पक्ष्यांचेच जास्त भले केले. पण शरदातील वॉर्बलरांपाशी बाणांचेही चालेनासे झाले. त्यांच्यासाठी पुस्तकात वेगळी पाने काढावी लागली आणि त्यांचे शीर्षकच ‘गोंधळात टाकणारे शरदातले वॉर्बलर’ असे ठेवावे लागले. ज्या ग्रंथात उत्तर शोधायचे त्यातच प्रश्नाचे नाव छापलेले सापडणे ही शास्त्रीय वाङ्मयातली दुर्मीळ घटना आहे.

उदाहरण म्हणून ब्लॅकपोल वॉर्बलर घेता येईल. वसंतात नराच्या डोक्यावर काळी टोपी आणि गाल पांढरेशुभ्र, त्यामुळे चूक होत नाही. शरदात टोपी जाते, गाल मळकट होतात आणि तो हुबेहूब बे-ब्रेस्टेड वॉर्बलरसारखा दिसू लागतो. बे-ब्रेस्टेडही आपली छातीवरची तांबूस खूण जवळजवळ पुसून टाकून अर्ध्या वाटेवर येऊन भेटतो. दोघांतला फरक तपासायचा तर पायांचे तळवे पाहावेत असे जाणकार सांगतात : ब्लॅकपोलचे तळवे पिवळे असतात. पक्षी ओकवृक्षाच्या शेंड्याला, वीस मीटर उंचीवर असतो. तो एका जागी दोन सेकंदांपेक्षा जास्त टिकत नाही. मध्ये पाने असतात. आणि तो तळव्यांवर उभा असतो.

हाच पक्षी, वजन सुमारे १२ ग्रॅम, प्रवासाआधी चरबी साठवून जवळजवळ दुप्पट होतो आणि अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरून अटलांटिक महासागरावर झेप घेतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात काही ब्लॅकपोलांच्या पाठीवर लहानशी नोंदयंत्रे बांधली होती. ते पक्षी दोन ते तीन दिवस कोठेही न उतरता सुमारे अडीच हजार किलोमीटर उडून कॅरिबियन बेटांवर पोचल्याचे त्यातून दिसले. आपल्या तळव्यांचा रंग कोण तपासतो आहे याची पर्वा अशा प्रवाशाने करावी, ही अपेक्षा वाजवी नाही.

शरदात आढळणारी सर्वांत सामान्य जात मात्र कोणत्याही पुस्तकात नाही. ती म्हणजे पिवळे पडून गळणारे पान. आकार वॉर्बलरएवढा, रंग वॉर्बलरचा, हालचाल वॉर्बलरची. सप्टेंबरअखेर तिचे आगमन होते आणि ऑक्टोबरच्या मध्यावर तिची संख्या इतर सर्व जातींच्या बेरजेपेक्षा जास्त असते. नवखे निरीक्षक तिच्याकडे बोट दाखवतात. अनुभवी निरीक्षक दुर्बीण लावतात आणि मगच काही न बोलता खाली घेतात.

आता निरीक्षकांविषयी. त्यांची मान बहुतेक वेळा मागे झुकलेली असते, आणि त्यातून होणाऱ्या दुखण्याला ‘वॉर्बलर-मान’ असे नाव आहे. गळ्यात दुर्बीण असते, आणि तिच्यावर बहुधा ८ आणि ४२ हे आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. किमतीचा आकडा दुर्बिणीवर छापण्याची पद्धत नाही, कारण ती घरी नेली जाते. कपडे मातकट रंगाचे, आवाज दबका, खिशांची संख्या गरजेपेक्षा अधिक. दोन निरीक्षक भेटले की एकमेकांची विचारपूस करत नाहीत. ‘काही आहे का?’ एवढेच विचारतात. ‘काही विशेष नाही’ हे उत्तर आले तर समोरच्याने तीस जाती पाहिल्या आहेत असे समजावे.

काठावर या वर्गाचे दोन पोटभेद पडतात. पहिला कुंपणवाला. तो झुडपाकडे तोंड आणि सरोवराकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा पाणवाला. त्याची दिशा उलटी. तो लांबच लांब धक्क्यावर, तिपाईवर टेलिस्कोप लावून, वाऱ्यात बसतो आणि क्षितिजावरच्या ठिपक्यांना नावे देतो. उत्तरेचा वारा जितका बोचरा तितका त्याला हर्ष, कारण अशाच वाऱ्यात आर्क्टिककडचे जेगर हे समुद्री लुटारू सरोवरावरून दक्षिणेकडे ढकलले जातात. जेगर स्वतः मासे पकडण्याऐवजी कुरवांच्या मागे लागून त्यांना तोंडातला घास टाकायला लावतो. तो पाहण्यासाठी काही शिकागोकर सरोवराच्या दक्षिण टोकाला, शेजारच्या इंडियाना राज्यातील मिलर बीचपर्यंत जातात. तेथे पाच तास बसून दोन किलोमीटरवरून गेलेला एक काळपट ठिपका दिसला, की त्याचे वय काय असावे यावर परतीच्या वाटेवर मतभेद होतात.

माँट्रोझच्या किनाऱ्यावर इतर नागरिकही येतात : गळ टाकून बसणारे, पळणारे, कुत्र्यांना पाण्यात सोडणारे. कुत्र्यांसाठी तेथे वाळूचा वेगळा तुकडा राखलेला आहे. वाद कमी होतात, कारण प्रत्येक गटाला दुसरा गट वेडा वाटतो आणि वेड्याशी कोणी वाद घालत नाही. पक्ष्यांच्या बाजूने मात्र शहराने एकदा ठाम निर्णय झालेला पाहिला आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात माँटी आणि रोझ या नावांनी पुढे प्रसिद्ध झालेल्या पायपिंग प्लव्हर जातीच्या जोडीने, म्हणजे चिखल्याच्या एका दुर्मीळ अमेरिकन भाऊबंदाने, माँट्रोझच्या वाळूत अंडी घातली. त्याच वाळूत मोठा संगीत महोत्सव ठरला होता. महोत्सव रद्द झाला. कलावंतांच्या मानधनाचा प्रश्न उभा राहिला असेल. चिखल्यांनी मानधन मागितले नाही.

नोव्हेंबरात हिमघुबड आले की मात्र निरीक्षकांची आचारसंहिता कामाला लागते. तिचे पहिले कलम असे की घुबडाची जागा कोणालाही सांगू नये. ते सर्वांनी पाळल्यामुळे दुपारपर्यंत घुबडासमोर मोठी गर्दी झालेली असते.

सरोवर सोडून पश्चिमेकडे निघाले की ग्रेसलँड लागते. तिचा इतिहासही काठापासूनच सुरू होतो. शिकागोची जुनी दफनभूमी सरोवराच्या काठावर, आज जेथे लिंकन पार्कचा दक्षिण भाग आहे तेथे होती. मृतदेहांमुळे पिण्याचे पाणी दूषित होईल, अशी ओरड डॉ. जॉन राऊच यांनी केली. १८६० च्या दशकात ती बंद करून पार्थिवे इतरत्र हलवण्यात आली आणि जागेची बाग झाली. सगळेच हलले नाहीत. हॉटेलमालक आयरा काऊच यांचे दगडी थडगे आजही बागेतच आहे. थोडक्यात, काठावरच्या बागेत पक्षी पाहणारा आपण दफनभूमीत नाही असे समजत असेल, तर तो भौगोलिकदृष्ट्या बरोबर आणि ऐतिहासिकदृष्ट्या घाईत आहे.

ग्रेसलँडची स्थापना १८६० ची, क्षेत्र सुमारे १२० एकर. ऑसियन सायमंड्स या उद्यानरचनाकाराने तेथे मूळच्या अमेरिकन झाडाझुडपांची रचना केली. आत ओकचे जुने वृक्ष, सूचिपर्णी झाडे आणि विलोमियर नावाचे तळे आहे. पूर्वेच्या भिंतीला लागून लोकलचे रूळ जातात. किंगलेटना सूचिपर्णी झाडे लागतात, क्रीपरला जुनी खडबडीत साल लागते, सॅपसकर नावाच्या सुतारपक्ष्याला सालीत ओळीने भोके पाडून रस प्यायला लागतो. शंभर-दीडशे वर्षांत कोणी तोडले नाही असे झाड शहरात हवे असेल तर त्याच्याखाली कोणीतरी प्रतिष्ठित माणूस पुरलेला असणे हा सर्वांत खात्रीचा उपाय ठरला आहे.

येथे प्रतिष्ठितांची वाण नाही. हॉटेलवाले पॉटर पामर ग्रीक देवळासारख्या वास्तूत आहेत. रेल्वेचे डबे बांधणारे जॉर्ज पुलमन १८९७ साली वारले. तीन वर्षांपूर्वीचा संप मोडून काढल्याने कामगार आपला देह उकरून काढतील या भीतीने त्यांच्या शवपेटीभोवती काँक्रीट ओतून वर पोलादी रूळ बसवण्यात आले. त्यांच्या स्मारकावर बसणाऱ्या पक्ष्यांना या बंदोबस्ताचा त्रास होत नाही. शहराचा आराखडा १९०९ साली मांडणारे डॅनियल बर्नहॅम तळ्यातल्या एका छोट्या बेटावर आहेत. काठ लोकांसाठी मोकळा राहावा आणि तेथे बागा व्हाव्यात हे त्या आराखड्यातले मोठे सूत्र होते. त्यांचे बेट हे विश्रांती घेणाऱ्या बदकांचेही आवडते ठिकाण आहे, त्यामुळे हिशेब पुरा झाला असे मानायला हरकत नाही. खासगी गुप्तहेरांची पहिली मोठी संस्था काढणारे ॲलन पिंकर्टन हेही येथेच आहेत. त्यांच्या संस्थेचे चिन्ह उघडा डोळा होते. झाडाआड उभे राहून तासन्‌तास एकाच फांदीवर पाळत ठेवणाऱ्यांचे त्यांना कौतुक वाटले असते. निष्कर्षाशिवाय परत जाणाऱ्यांचे कदाचित नसते.

दफनभूमीतील सर्वांत प्रसिद्ध पुतळा लोराडो टाफ्ट या शिल्पकाराचा आहे. अंगावर पायघोळ वस्त्र, चेहरा अर्धा झाकलेला, काळानुसार हिरवट झालेला कांस्यपुरुष. त्याच्या डोळ्यांत पाहिले की आपला मृत्यू कसा होणार ते दिसते, अशी समजूत आहे. पक्षीनिरीक्षक त्याच्याकडे आठ पट मोठे करून पाहतात, तेही त्याच्या डोक्यावर काही बसले असेल तरच. बसलेले उडून गेले की मृत्यूविषयीची उत्सुकता तेथेच संपते.

दफनविधी चालू असेल तेव्हा दुर्बीण खाली करून बाजूला व्हावे, हा येथला अलिखित नियम आहे आणि तो पाळला जातो. शोकाकुल मंडळी काळ्या कपड्यांत आणि खाली मान घालून असतात. निरीक्षक मातकट कपड्यांत आणि वर मान करून. त्यामुळे दोन्ही गट एकमेकांना सहसा दिसत नाहीत. कॅनडा गूज हे मोठे हंस मात्र कोणताच संकेत मानत नाहीत. ते लक्षाधीशांच्या आणि अनामिकांच्या थडग्यांवरचे गवत सारख्याच समभावाने चरतात. कायोटी हे कोल्ह्याच्या जातीतले प्राणीही दफनभूमीत वावरतात. ते दिसले की निरीक्षक पक्षी सोडून तिकडे पाहतात आणि नंतर नोंदवहीत त्याचा उल्लेख टाळतात.

मराठी वाचकाला येथे एक योगायोग लक्षात येईल. वॉर्बलरांचा भर आणि पितृपक्ष साधारण एकाच वेळी येतात. शिकागोत मराठी वस्ती जुनी आहे. तेथल्या महाराष्ट्र मंडळाला पन्नासहून अधिक वर्षे झाली. पितरांसाठी पान वाढून कावळ्याची वाट पाहणे हेही एका अर्थी शरदातले पक्षीनिरीक्षणच. त्यात दुर्बीण लागत नाही आणि हवी असलेली जात एकच असते, त्यामुळे ओळखण्यात चूक होत नाही. अडचण निराळी आहे. वेस्ट नाईल विषाणूने २००२ साली इलिनॉयमधील कावळ्यांची मोठी हानी केली. शिकागोत पानाला कावळा शिवायला वेळ लागला, तर पितरांची कोणती इच्छा राहिली याचा शोध घेण्यापूर्वी हा मुद्दा विचारात घ्यावा.

दफनभूमीत एका माणसाची काळ्या ग्रॅनाइटची सपाट, विनानक्षीची शिळा आहे. ती वास्तुरचनाकार मीस व्हॅन डर रोह यांची. पोलाद आणि काच यांची जी इमारत आज जगभर दिसते तिचे हे एक आद्य पुरुष. ते १९६९ साली वारले. त्यांच्या शिळेभोवतीच्या झाडांत शरदात वॉर्बलर फिरतात आणि पूर्णपणे सुरक्षित असतात, कारण शिळेला खिडकी नाही. पुढचा भाग खिडक्यांचा आहे आणि त्यात विनोदाला जागा कमी आहे.

पक्ष्याला काच दिसत नाही. काचेत उमटलेले झाड दिसते, किंवा आतला दिवा दिसतो. दिव्यांनी तो रात्री शहराकडे ओढला जातो आणि पहाटे काचेवर आदळतो. रात्रीच्या उजेडामुळे स्थलांतरी पक्ष्यांना असलेल्या धोक्याबाबत अमेरिकेतील शहरांची क्रमवारी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत वसंत आणि शरद या दोन्ही ऋतूंत शिकागो पहिले आले. सरोवराच्या काठावर मॅककॉर्मिक प्लेस या प्रदर्शन-संकुलाची एक काचेची इमारत आहे. फील्ड म्युझियम या शहरातल्या संग्रहालयाचे डेव्हिड विलर्ड यांनी १९७८ साली तेथे पक्षी आदळतात असे ऐकले आणि ते पाहायला गेले. मग ते हंगामातली दर सकाळ चार दशके जात राहिले. मेलेले पक्षी गोळा करून त्यांनी मोजमाप घेतले. २०१९ सालच्या शोधनिबंधात ५२ जातींच्या ७०,७१६ पक्ष्यांची मापे आहेत. १९७८ ते २०१६ या काळात पक्ष्यांच्या पायाचे हाड २.४ टक्क्यांनी आखूड झाले आणि पंख १.३ टक्क्यांनी लांब झाले, असे त्यातून निघाले. तापमानवाढीशी याचा संबंध असावा असे संशोधकांचे मत आहे. शरदातला वॉर्बलर नक्की कोणता, या प्रश्नाचे निःसंशय उत्तर शिकागोत ज्या एका ठिकाणी मिळत होते ते हे, आणि तेथे तळव्यांचा रंगही निवांत पाहता येत होता.

५ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी याच एका इमारतीखाली जवळपास एक हजार पक्षी मेलेले सापडले. बरेचसे टेनेसी आणि पाम वॉर्बलर, हर्मिट थ्रश. आदल्या रात्री वारा उत्तरेचा होता आणि रडारवरचा डाग मोठा होता. निरीक्षक ज्या रात्रीची वाट पाहतात तशीच ती रात्र होती. या घटनेची बातमी जगभर झाली. २०२४ च्या उन्हाळ्यात इमारतीच्या काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावण्यात आली आणि त्यानंतरच्या शरदात तेथले मृत्यू सुमारे ९५ टक्क्यांनी घटले. उंच इमारतींनी स्थलांतराच्या हंगामात रात्री अकरानंतर शोभेचे दिवे मालवावेत, असा कार्यक्रम शिकागोत १९९५ पासून आहे. दोन्ही उपायांत नवे विज्ञान काही नाही. एकाला चिकटपट्टी लागते, दुसऱ्याला बटण.

शेवटचा भाग नोंदीचा. पाहिलेले पक्षी ‘ईबर्ड’ या संकेतस्थळावर लिहिले जातात. ते २००२ साली सुरू झाले आणि जगभरच्या निरीक्षकांच्या नोंदी तेथे साठतात. एखाद्याने दुर्मीळ पक्षी लिहिला की तपासनीस पुरावा मागतो. पुराव्याचा फोटो बहुधा एका फांदीचा असतो. मोबाइलवरचे ‘मर्लिन’ हे ॲप २०२१ पासून आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सांगते. वसंतातली गाणी ते झटकन ओळखते. शरदातल्या ‘चिप्’पाशी त्याचाही पीटरसन होतो.

यावर ईबर्डने दिलेली सोय फारशी वापरली जात नाही, म्हणून ती येथे मुद्दाम सांगणे योग्य. बे-ब्रेस्टेड की ब्लॅकपोल हे ठरत नसेल तर दोन्ही नावे तिरप्या रेघेने जोडलेला एक पर्याय यादीत आहे. तेही जमत नसेल तर ‘वॉर्बलर, जात अनिश्चित’ असा पर्याय आहे. आणि वॉर्बलर होता की आणखी काही याचीही खात्री नसेल, तर यादीत नुसते ‘पक्षी, जात अनिश्चित’ असेही लिहिता येते. नवख्याने सप्टेंबरात याच नोंदीपासून सुरुवात करावी. ते गळके पान नव्हते एवढी खात्री असली की पुरे. तपासनीसही या नोंदीचा पुरावा मागत नाही.